घोरपडीचा सायलेन्सर

"बाई, ही तुमची घोरपड आधी गप करा," ठकाबाई म्हणाली.

ती ओरडली नाही. सुनेच्या कानांवर तिनं दोन्ही हात गच्च दाबून धरले होते, ते तसेच ठेवून तिनं फक्त माझ्याकडे बघितलं. मी इंजिन बंद केलं. शेजारच्या सीटवर हौसा, तिची सून, डोळे मिटून बसली होती. आठव्या महिन्याचं पोट. तिच्या उजव्या हाताची बोटं थरथरत होती आणि ओठाचा एक कोपरा खाली खेचला जात होता. मी डॉक्टर होते. त्या थरथरीचा अर्थ मला पुस्तकातल्या पानासकट पाठ होता. ठकाबाईला अक्षरओळख नव्हती, तरी आवाज बंद करायचं तिला आधी सुचलं.

घोरपड म्हणजे माझी गाडी. इंग्लंडातली, हिरवी, टप उघडा, दोन सीटची. नाक लांब, अंग बुटकं, पोट जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. आंबेगाव तालुक्यानं पहिल्याच आठवड्यात तिला हे नाव दिलं आणि ते इतकं चपखल होतं की मलाही दुसरं सुचेना. कारखान्याचं नाव सांगत नाही. दोष गाडीचा नव्हता, घेणारीचा होता.

आता माझ्या नातवाला स्पोर्ट्स कार घ्यायची आहे. त्यानं माझं मत विचारलं, कारण आमच्या घराण्यात असली गाडी बाळगलेलं एकमेव माणूस मी. त्याला हो किंवा नाही एवढंच ऐकायचं होतं. तसं उत्तर माझ्याकडे नाही. जे आहे ते लिहून काढते.

एकोणीसशे पन्नासच्या दशकातली मधली वर्षं. मी सत्तावीस वर्षांची, पुण्यात डॉक्टरकी शिकून घोडेगावला आलेले. तिथं एका वयस्कर डॉक्टरांचं सहा खाटांचं इस्पितळ होतं. गाव त्यांना मोठे डॉक्टर म्हणायचं आणि मला डॉक्टरीणबाई. बाळंतपणं आणि बायकांची दुखणी माझ्याकडे, बाकी सगळं त्यांच्याकडे. डोंगराकडच्या वाड्यांवर जायचं तर वाहन हवं, हे दोन महिन्यांत माझ्या पायांना कळलं. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, लष्कराच्या जुन्या जीपा विकायला निघाल्यात, त्यातली एक बघा. मागं पेशंट आडवा होतो, पुढं नातेवाईक बसतात, ओढ्यातून जाते.

मी पुण्याला जाऊन जीप बघितली. मला ती गुरांना पाणी पाजायच्या हौदासारखी दिसली. परत येताना कॅम्पात एका पारशी वकिलांच्या फाटकात ही उभी होती. वकील अलीकडे जाड झाले होते. त्यांना गाडीत बसता येई, उतरता येत नसे, म्हणून ती विकायची होती. मी बसले. मला उतरताही आलं. एवढ्या तपासणीवर मी गाडी घेतली. पेशंटला औषध देताना मी जीभ, नाडी, पोट सगळं बघत असे. गाडीचं मी फक्त तोंड बघितलं. आईनं माझ्या लग्नासाठी ठेवलेल्या पाटल्या तिच्यापायी गेल्या. पुढं लग्न पाटल्यांशिवाय झालं आणि त्यात काही अडलं नाही, पण आई जन्मभर मोटारीच्या हॉर्नला दचकायची.

इस्पितळाच्या दारात गाडी उभी केली तेव्हा मोठे डॉक्टर पायरीवर आले. चष्मा पुसून त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"यात पेशंट कुठं निजवणार?"

मी म्हणाले, "पेशंटकडे मी लवकर पोहोचेन."

"आणि पेशंट इकडे कसा पोहोचेल?"

मी त्यांना सांगितलं, की हिला दोन कार्बुरेटर आहेत.

"छान," ते म्हणाले. "एकात आई, एकात मूल." आणि आत गेले.

कार्बुरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा एकत्र करून इंजिनाला पाजणारं भांडं. शहाण्या गाड्यांना एक पुरतो. स्पोर्ट्स कारला दोन असतात, आणि दोघांनी बरोबरीनं श्वास घ्यावा लागतो. एक जास्त ओढायला लागला की गाडी दम्याच्या माणसासारखी खोकते. हिचे कार्बुरेटर दर पंधरा दिवसांनी भांडत. मग मी जुन्नर गाठायची. तिथं करीमभाई होते. त्यांचं घराणं हातकागद बनवणारं. कागदाचा धंदा बसत चालला तसे ते विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायला शिकले होते. इंजिनाच्या दोन लोखंडी भागांमधून तेल गळू नये म्हणून मध्ये गॅस्केट नावाचा पातळ थर बसवतात. विलायती गॅस्केट जुन्नरात कुठून मिळणार? करीमभाईंनी घरच्या जाड कागदाचा तुकडा जवसाच्या तेलात भिजवला, कात्रीनं कापला, बसवला. तो मूळच्यापेक्षा जास्त टिकला. दोन्ही कार्बुरेटरचा श्वास सारखा आहे का, हे ते माझा स्टेथोस्कोप लावून ऐकत. पुढचे चार दिवस पेशंटना माझ्याकडून पेट्रोलचा वास येई. एका बाईनं मला विचारलंही, की छातीला रॉकेल चोळता का.

काम झालं की लेण्याद्रीच्या पायथ्यापर्यंत एक चक्कर. पदर कमरेला खोचलेला, वर दोन सेफ्टी पिना, डोळ्यांवर करीमभाईंचा वेल्डिंगचा चष्मा. मला वाटायचं मी फार रुबाबदार दिसते. त्या काळातला एक फोटो आहे. त्यात एक बेडूक साडी नेसून बसलाय.

आता गाडीचं पोट. आमचे रस्ते बैलगाड्यांनी घडवलेले. दोन बाजूंना चाकांच्या खोल चाकोऱ्या आणि मध्ये उंचवटा. शिनोलीच्या अलीकडच्या ओढ्यात त्या उंचवट्यावर एक दगड होता. बैलगाड्या त्याच्या दोन्ही अंगांनी चाकं घालून जात, वर बूड उंच, त्यामुळे तो काढावा असं पिढ्यान्‌पिढ्या कोणाला वाटलं नव्हतं. माझ्या घोरपडीचं पोट बरोबर त्याच्यावर आलं. खाड्‌कन आवाज झाला आणि त्यानंतर आवाज थांबलाच नाही. सायलेन्सर तुटून ओढ्यात पडला होता.

सायलेन्सर म्हणजे धुराच्या नळीवर बसवलेला पत्र्याचा डबा. इंजिनात दर क्षणाला जे बार उडतात त्यांचा आवाज तो गिळतो. तो गेला की गाडी तोफखाना होते. करीमभाई म्हणाले, "दो घंटे बसा बाईसाब, पत्र्याचा डबा करून देतो."

मी म्हटलं, राहू दे सध्या.

खरं कारण सांगते, आता लाजायचं वय गेलं. मला तो आवाज आवडला होता. मंचरच्या रस्त्यानं मी येत असले की मी दिसायच्या आधी लोक वळून बघत. बैल बुजत, कोंबड्या पांगत, आणि मला वाटे माझा दबदबा वाढलाय. करीमभाई नाराज होते. "हे बरं नव्हं," ते म्हणाले. "गाडी रडतीय ही." मला ती गातेय असं वाटायचं. मोठ्या डॉक्टरांनी दोनदा विचारलं, डबा कधी बसवणार. दोन्ही वेळा मी सांगितलं, पार्ट विलायतेहून यायचाय. असे तीन आठवडे गेले.

भाताची झोडणी चालू होती. एके दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला शिनोलीच्या वरच्या वाडीतून धोंडिबा चालत इस्पितळात आला. ठकाबाईचा नवरा, हौसाचा सासरा. मुलगा मुंबईला गिरणीत. धोंडिबा सांगू लागला, सून पहिलटकरीण हाय, पाय लई सुजलेत, कालपासून डोकं दुखतंय, आन् आज सकाळी म्हनली डोळ्याफुडं काजवे दिसत्यात. मोठे डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. मी बॅग उचलली आणि धोंडिबाला गाडीत बसवलं. वाटभर त्यानं एका हातानं मुंडासं आणि दुसऱ्या हातानं दार धरून ठेवलं. वाडीखाली उतरल्यावर तो म्हणाला, "भीमाशंकरापतोर जनावर ऱ्हायलं नसंल आता." मला ते कौतुक वाटलं.

हौसा पडवीत घोंगडीवर पडली होती. वय अठराच्या आतबाहेर. चेहरा इतका सुजलेला की पापण्या जड झाल्या होत्या. ब्लडप्रेशर बघितलं, पारा नको तितका वर. लघवी काचनळीत घेऊन चुलीतल्या निखाऱ्यावर तापवली, ती अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखी गोठली. म्हणजे शंका उरली नाही. गरोदर बाईला असं झालं की पुढची पायरी झटक्यांची. फेफऱ्यासारखे झटके, एकामागून एक, आणि त्यात आई आणि मूल दोघंही जाऊ शकतात. त्या काळी आमच्याकडे औषधं मोजकी होती. झोपेचं इंजेक्शन द्यायचं, इस्पितळात न्यायचं, आणि तोवर एक नियम अगदी कडक पाळायचा: अंधार आणि शांतता. उजेडाची तिरीप, भांड्याचा आवाज, बाजेला लागलेला धक्का, एवढ्यानंही झटका येऊ शकतो, असं आम्हांला शिकवलं होतं.

मी इंजेक्शन दिलं आणि हुकूम सोडायला सुरुवात केली. खळ्यावरची झोडणी थांबवा. कुत्री लांब नेऊन बांधा. जात्यावर कोणी बसू नका. हौसाच्या पायातले वाळे काढा. त्या माणसांचं मला अजून नवल वाटतं. ऐन सुगीत, हातातलं काम टाकून, एका शब्दानं विचारलं नाही की का. सगळी वाडी चिडीचूप झाली. बायका लुगड्याचा बोळा तोंडात धरून दारात उभ्या होत्या. डोक्यावरून कावळा ओरडत गेला तर एका म्हातारीनं त्याच्याकडे रागानं बघितलं.

आता नेण्याचा प्रश्न. घोडेगाव तिथून दोन कोस. आजाऱ्याला घोंगडीच्या झोळीत घालून खांद्यावर न्यायची तिकडची रीत. पण त्याला आठ गडी लागतात, चार वाहायला आणि चार बदलीला. वाडीतले तरणे पुरुष मुंबईला, उरले होते चार म्हातारे. शिवाय त्या पोटानिशी झोळीत वाकडं होऊन दोन तास पडणं मला नको होतं. बैलगाडी होती, पण तिच्या चाकांना लोखंडी धावा आणि रस्ता दगडांचा. दर पावलाला धक्का. उरली माझी गाडी. हवेची चाकं, मऊ स्प्रिंगा, कातड्याची सीट. मला अभिमान वाटला. म्हटलं, बघा, पाटल्या कुठं कामाला आल्या.

"मी संगं येनार," ठकाबाई म्हणाली.

मी सांगितलं, दोनच सीट आहेत.

ती मान्य करायला तयार नव्हती. पहिलटकरीण पोर, माहेर लांब, नवरा मुंबईत. सासूनं तिला एकटीला परक्याच्या दारात धाडली तर गाव काय म्हणेल हा एक भाग. पण खरी गोष्ट ती नव्हती. आमच्याकडे आजारी माणूस एकटं इस्पितळात जातच नाही. त्याच्याबरोबर निदान एक माणूस जातं, उशाशी बसतं, हात धरतं. डॉक्टर इंजेक्शन देतो, पण भीती ते माणूस काढतं. हे तिला ठाऊक होतं. मलाही ठाऊक असायला हवं होतं, रोज बघत होते. गाडी घेताना मात्र मी पेशंट मोजला, डॉक्टर मोजला, आणि थांबले.

ठकाबाई गाडीकडे गेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून तिनं गाडी मापली.

"येवढी लांब गाडी आन् दोनच मान्सं? मग म्होरं काय भरलंय?"

"इंजिन आहे ते."

"मग काढा की त्ये."

माझ्या रागाचा पारा हौसाच्या ब्लडप्रेशरच्या वर गेला. इथं एकेक मिनिट मोलाचं, आणि मी चिखलात उभी राहून स्पोर्ट्स कारची रचना समजावतेय. मी दटावून सांगितलं, की मी डॉक्टर आहे, मी म्हणते तसं होईल, तुम्ही मागून चालत या. चौघांनी हौसाला अलगद आणून सीटवर बसवलं. डोळ्यांवर ओलं फडकं बांधलं. ठकाबाई दाराशी उभी राहिली आणि सुनेचे कान दाबून धरले. मी चाकामागं बसले, चावी फिरवली आणि स्टार्टरची घुंडी ओढली.

सगळ्या वाडीला मी गप केलं होतं. कुत्री बांधली होती, वाळे काढले होते, सुगी थांबवली होती. आणि मग तीन आठवडे सायलेन्सर मुद्दाम न बसवलेली तोफ मी स्वतःच उडवली.

हौसाची बोटं थरथरली. बाकी तुम्हांला सुरुवातीला सांगितलंय.

इंजिन बंद केल्यावर मी तिचा हात हातात धरून बसले. मोजत होते. थरथर वाढली तर झटका. मिनिट गेलं असेल. थरथर थांबली. ओठ सरळ झाला. त्या मिनिटात मी डॉक्टर म्हणून काय केलं? काही नाही. देवाला नवसही बोलले नाही, कारण नवस बोलताना तोंड हलेल अशी मला धास्ती.

मग मी खालच्या आवाजात ठकाबाईला म्हणाले, "आता काय करायचं?" डॉक्टर झाल्यापासून पेशंटच्या नातेवाइकाला मी हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला.

ती म्हणाली, "सांगितलं न्हवं मगाशी. इंजान काढा." आणि नवऱ्याकडे वळून, "बैल जुंपा."

धोंडिबानं दोन्ही बैल आणले. आणताना त्यानं त्यांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून खळ्यावर ठेवल्या, मी सांगितलं नव्हतं. गाडीच्या चासीची, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याची, दोन टोकं नाकाखालून शिंगांसारखी बाहेर आलेली होती. त्यांना मोटेचा नाडा, म्हणजे विहिरीवरचा जाड दोर, बांधला, दुसरं टोक जोखडाला. टपाचं कापड मागं घडी करून ठेवायची जी जागा असते, तिच्यावर ठकाबाई चढून बसली, पाय दोन सीटांच्या मध्ये सोडून, आणि सुनेचं डोकं तिनं आपल्या मांडीला टेकवून घेतलं. गाडी पळती असती तर ती पहिल्याच वळणाला खाली पडली असती. बैलांच्या चालीला ती जागा सिंहासनासारखी होती. वरून अंधारासाठी घोंगडी. आणि निघालो.

धोंडिबा कासरा धरून पुढं. मी स्टिअरिंगवर. पहिल्या शंभर पावलांत मला कळलं की माझं काम वेगळंच आहे. बैलगाडीला पुढं दांडी असते, ती उतारावर गाडीला बैलांपासून लांब ठेवते. दोराला तसं काही येत नाही. उतार आला की दोर सैल पडायचा आणि घोरपड बैलांच्या मागच्या पायांवर जाऊ बघायची. लागली असती तर बैल उधळले असते आणि मग धक्का, आवाज, सगळंच. म्हणून ब्रेक. एकदम नाही, कारण त्याचाही धक्का बसतो. बोटांनी नाडी दाबावी तसा, इतकाच. दोर ताठ आहे की नाही यावर डोळा, आणि पाय ब्रेकवर. पोटऱ्या भरून आल्या. दीड तास मी गाडी चालवली नाही. दीड तास मी ती थांबवत होते. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत कौशल्याचं ड्रायव्हिंग ते, आणि वेग असा की आमच्या शेजारून एक म्हातारी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन पुढं निघून गेली.

ओढ्यापाशी आलो. तो दगड होताच. धोंडिबानं बैल थांबवले, खाली वाकला, दगड बघितला, गाडीचं पोट बघितलं. मग पहार म्हणून बाजूची एक वाळलेली फांदी घेतली आणि दगड हलवला. तो साधा मोकळा दगड होता. दोन धक्क्यांत गडगडत पाण्यात गेला. पिढ्यान्‌पिढ्या कोणी काढला नव्हता कारण कोणाला आडवा आला नव्हता. आणि मी तीन आठवडे त्या वाटेनं जात-येत होते, मला उतरून बघावंसं वाटलं नव्हतं. मी त्याला फक्त शिव्या देत होते, त्याही चष्मा लावून.

घोडेगावात शिरलो आणि नवीच पंचाईत. मोटारीला बैल, मोटारीत घोंगडीनं झाकलेली बाई, मागं उंचावर दुसरी बाई. बाजारातल्या लोकांनी काय समजावं? नवरी आणलीय असं समजले. दहा-पंधरा माणसं हसत, टाळ्या पिटत पुढं आली. एकानं धोंडिबाला हाक दिली, "पावणं, नवरदेव कुठं सांडला?" ओरडून गप करावं तर माझाच आवाज.

ठकाबाईनं एक हात वर केला. बोलली अगदी हळू, पण पहिल्या माणसाला ऐकू जाईल एवढं. "पोर जडभारी हाय. आवाज केला तर जाईल." पहिल्यानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. ती कुजबुज आमच्या पुढं पुढं पळत गेली आणि आम्ही पोहोचू तिथला रस्ता आधीच गप झालेला असे. तांबटानं ठोकणं थांबवलं. भजीवाल्यानं झारा वर धरला. ज्या बाजारातून मी रोज दणदणाट करत जायची तो बाजार मी पहिल्यांदा असा ऐकला. बैलांच्या खुरांचा आवाज तेवढा होता.

मोठे डॉक्टर पायरीवर उभे होते. त्यांनी बैलांकडे बघितलं, दोराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आम्ही हौसाला आतल्या अंधाऱ्या खोलीत घेतलं. संध्याकाळी तिला एक झटका आला. पण तो खाटेवर आला, औषधं हाताशी होती, जीभ दाताखाली जाऊ नये म्हणून चमचा तयार होता आणि उशाशी सासू होती. दुसरा आला नाही. वाडीत किंवा वाटेत आला असता तर काय झालं असतं ते आम्हां दोघांनाही ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी झाली. वजन कमी, आवाज भरपूर. हा एक आवाज तेवढा ठकाबाईनं होऊ दिला.

मग मोठे डॉक्टर हात धुताना म्हणाले, "बाई, विलायतेहून पार्ट कधी येतोय?"

मी सांगितलं, की पार्ट जुन्नरला करीमभाईंच्या हातात आहे, दोन तासांचं काम आहे, आणि मीच करू दिलं नाही.

"का?"

"आवाज आवडत होता."

त्यांनी टॉवेल खुंटीला अडकवला. मला वाटलं आता कामावरून काढतील. काढलं असतं तर मी तक्रार केली नसती. ते म्हणाले, "बरं झालं मला सांगितलंत. तिच्या सासूला नका सांगू. ती बैल सोडील तुमच्या अंगावर." आणि दाराकडे जाता जाता, "उद्या सकाळी जुन्नरला जा. चालत नाही, गाडी घेऊन. पण गावाबाहेर पडेपर्यंत ढकलत न्या."

गावाबाहेरपर्यंत मी ढकलत नेली. चौघांनी मदत देऊ केली, मी घेतली नाही. करीमभाईंनी पत्र्याचा डबा केला, त्याच्या तोंडाशी त्यांच्या कागदाचंच गॅस्केट बसवलं, आणि स्टेथोस्कोप लावून ऐकलं. "आता बोलतीय," ते म्हणाले.

गाडी मी आणखी चार वर्षं वापरली. येडगावला कुकडीच्या वाळूत रुतवली, मंचरच्या उतारावर तिचं एक चाक माझ्या पुढं धावत गेलं, ती गाऱ्हाणी वेगळी. वाड्यांवरचे पेशंट आणायला मोठ्या डॉक्टरांनी शेवटी तो हौदच आणला, म्हणजे जीप, आणि ती चालवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. घोरपड रविवारपुरती उरली. ती तिथंच शोभायची.

वर्षभरानं ठकाबाई आंबेमोहोर तांदळाची पिशवी घेऊन आली. नात काखेत. माझ्या गाडीपाशी थांबली, लांब नाकावर हात ठेवला.

"इंजान अजून काढलं न्हाई तुमी?"

मी म्हटलं, नाही काढलं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "बैल हायेत आमचे."

तर नातवाबरोबर मी मागच्या महिन्यात पुण्यातल्या शोरूमला जाऊन आले. लाल गाडी, जमिनीला चिकटलेली, दोन सीटची. आवाज काढून दाखवू का म्हणून विक्रीवाल्या मुलानं विचारलं, मी नको म्हटलं. काठी टेकत मी गाडीच्या पुढं गेले आणि वाकता येईल तेवढी वाकून बघितलं. सगळं गुळगुळीत. त्या मुलानं विचारलं, आजी, काय हवंय?

मी म्हटलं, "दोर कुठं बांधायचा?"